पुढे ढकललेली सोनोग्राफी

टेपबाईंचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नाही. मापाची टेप सदानकदा गळ्यात, म्हणून टेपबाई. वय अठ्ठावन्न, त्यातली अडतीस वर्षं शिलाई मशीनवर गेली. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. गरोदर बाईचा गाऊन शिवताना त्या दोन्ही कडांना जादा कापड दुमडून ठेवतात आणि दर महिन्याला एकेक बोट उसवून देतात. हे गणित त्यांचं कधी चुकलं नव्हतं.

सुनेचा गाऊन त्यांनी नऊ दिवसांत तीनदा उसवला.

सुनेला पाचवा महिना होता. पोटात जुळी, आणि दोघांत मिळून वार, म्हणजे बाळाला पोसणारी नाळेची गादी, एकच. अशा जुळ्यांची दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करायची, एकही चुकवायची नाही, असं जवळच्या सोनोग्राफी सेंटरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्या आठवड्यातली तारीख गुरुवारची होती. सोमवारी शाळेच्या गणवेशाचे दीडशे शर्ट द्यायचे होते, आणि काजं-बटणं सून करायची. टेपबाईंनी सेंटरला फोन लावला आणि तारीख आठवडाभर पुढे ढकलली.

"आई, पोट फार ताणलंय हो. बसवत नाही," सून म्हणाली.

"दोन भाडेकरू ठेवल्यावर घर अपुरं पडणारच," टेपबाई म्हणाल्या. माप द्यायला आलेल्या दोघी खो खो हसल्या. सूनही थोडं हसली आणि तिने पुढचा शर्ट ओढला.

तिसऱ्यांदा टेप लावताना पोट दगडासारखं हाताला लागलं होतं. जुळ्यांच्या आयांचे गाऊनही टेपबाईंनी शिवले होते; असं पोट पाहिलं नव्हतं. सोमवार झाला की बघू, असं त्यांनी ठरवलं. शर्ट वेळेवर गेले.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि दहा मिनिटांत मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी हातात दिली.

मोठ्या हॉस्पिटलातले सर्जन तरुण होते, सावकाश बोलायचे. त्यांनी कागदावर दोन गोल काढले. वारेच्या आतल्या रक्तवाहिन्यांतून एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे चाललं होतं. घेणाऱ्याच्या पिशवीत पाणीच पाणी झालं होतं. देणाऱ्याच्या पिशवीत पाणी उरलंच नव्हतं. पिशवीचा पडदा ओल्या कापडासारखा त्याच्या अंगाला चिकटला होता. पोटाला बारीक छेद घेऊन काडीएवढी दुर्बीण आत घालायची आणि लेसरने त्या वाहिन्या एकेक करून बंद करायच्या. दोन्ही वाचतील, एक वाचेल, किंवा एकही नाही.

"सोनोग्राफीला तीन आठवडे का झाले?" त्यांनी विचारलं.

सून सासूकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती. टेपबाईंचा मुलगा पटकन म्हणाला, "तारीखच मिळाली नाही, डॉक्टर. सेंटरवाल्यांनी पुढची दिली."

"अशा पेशंटला पुढची तारीख? मी बोलतो त्यांच्याशी."

मुलाने आपल्यासाठी खोटं बोलावं आणि आपण ते खाली मान घालून घ्यावं, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. नंतर व्हरांड्यात त्या मुलाला म्हणाल्या, "असं कशाला सांगितलंस?"

"मग काय सांगू? आईला शर्ट द्यायचे होते?"

शस्त्रक्रिया दुपारी झाली. फक्त जागा बधिर केली होती. सून जागी होती. पाऊण तास लागला, शेवटी जादा पाणी काढून टाकलं. संध्याकाळी दोन्ही ठोके होते. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त देणाऱ्या छोट्या बाळाचा ठोका नव्हता.

सुनेला घरी आणल्यावर चार दिवसांनी एका गिऱ्हाइकाने कापड मोजता मोजता सांगितलं, की सेंटरच्या काउंटरवरच्या बाईला डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांदेखत झापलं. जुळ्यांच्या पेशंटची तारीख ढकललीच कशी म्हणून. "कामावरून काढणार म्हणतात. बरोबरच आहे. एक जीव गेला ना!"

टेपबाईंनी मान डोलावली. आपण मान डोलावली, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ती बाई निघून गेली होती. त्यांनी मशीनवर कापड टाकलं आणि सेंटर गाठलं.

काउंटरसमोर सात-आठ बायका बसल्या होत्या. टेपबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तारीख मी बदलली होती. तुमचा दोष नव्हता."

काउंटरवरच्या बाईने वर पाहिलं. "मला माहितेय की. फोन मीच घेतला होता. ढकलू नका म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, तू किती बाळंतपणं बघितलीस?"

"म्हणाले."

"मग हे मला कशाला सांगताय? माझं कुणाला पटलं नाही. आत मॅडमना सांगा. नंबर लावा."

टेपबाई बाकावर बसल्या. एकीने ओळखून विचारलं, "टेपबाई, तुम्ही इथे कशा?" दुसरी म्हणाली, "माप घ्यायला आल्या असतील!" सगळ्या हसल्या. टेपबाईंना हसता आलं नाही. पावणेदोन तासांनी नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं, काउंटरवरच्या बाईला आत बोलावून तिची माफी मागितली. मग टेपबाईंना म्हणाल्या, "आठवडाभर आधी आला असता तर दोन्ही वाचली असती, असं मी म्हणणार नाही. नसती वाचली, असंही म्हणणार नाही."

घरी सून कुशीवर पडली होती. टेपबाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. हाताला कळलं होतं तेही.

"मलाही कळत होतं," सून म्हणाली. "मी उठून गेले नाही. काजं करत बसले."

"तुझं काय चुकलं त्यात? मी सासू. मीच बसवलं तुला."

"आई, तुम्ही आता बोलू नका. मला तुमची समजूत काढायची ताकद नाही."

मंगळवारी पुढची तपासणी होती. टेपबाईंनी दुकान बंद ठेवलं, चप्पल घातली. सून म्हणाली, "तुम्ही नको," आणि एकटीच गाडीत बसली. टेपबाईंनी चप्पल काढली, दुकान उघडलं.

दुपारी सून परतली. पुढच्या खोलीतून जाताना थांबली नाही. मग आतल्या खोलीतून आवाज आला. ती नवऱ्याला फोनवर सांगत होती, "ठोका चांगला आहे. पाणी बेताचं आहे. वाढही बरोबर आहे."

टेपबाईंनी मशीनचं चाक हाताने धरलं होतं. सून एरवी फोनवर हळूच बोलते. आज पुढच्या खोलीपर्यंत शब्दन् शब्द येत होता.