एरिबेर्तोचं तेल आणि यारेलिसची वरात

एरिबेर्तोनं सैतानाशी करार केलाय, ही बातमी आमच्या याउको गावच्या वस्तीत पसरली ती मिग्दालियाबाईंच्या व्हरांड्यातून. पुरावे भक्कम होते. तो गाडी ठेवायचा त्या छपराखालून गंधकाचा वास यायचा, आणि संध्याकाळी तो चर्चच्या पटांगणात गाडीनं इंग्रजी आठाचे आकडे काढायचा तेव्हा गाडीच्या पोटात कुणीतरी कण्हायचं. बाई प्रार्थना मंडळ घेऊन निघाल्याच होत्या. करार वगैरे काही नव्हता. गंधक तेलात होतं आणि कण्हत होतं ते मागच्या चाकांना फिरवणारं डिफरन्शियल.

तसाही एरिबेर्तोला सैतान कशाला जवळ करेल? शाळेच्या स्वयंपाकघरात राजमा-भात शिजवणारा, पोट सुटलेला माणूस. चव कधी घेत नाही, नुसतं नाक पुढे करतो आणि मीठ कमी आहे म्हणून सांगतो. तेलाचंही तसंच. पाकाची तार बघावी तसं चिमटीत धरून बघतो, हुंगतो, मग बायकोला हुंगायला लावतो. नेरेइदानं त्याच्याशी इतकी वर्षं संसार केलाय तो बहुधा कायमच्या सर्दीच्या जोरावर.

आमच्याकडे असल्या सगळ्या जाड तेलांना एकच नाव, वाल्वुलिना. त्या नावानं नेरेइदाच्या भावाला, ओबेदला, बुडवलं. त्यानं दुकानात नुसती वाल्वुलिना मागितली, डिफरन्शियलची मिळाली, ती गिअरबॉक्समध्ये ओतली. तिनं आतल्या पितळी कड्या खाल्ल्या आणि दुसरा गिअर टाकला की गाडी गळा काढायला लागली. तेव्हापासून ओबेद आपोआप गिअर बदलणारी पांढरी जीप चालवतो आणि शर्यतींना नावं ठेवतो.

एरिबेर्तोची जुनी लाल कोरोला मात्र सालिनासच्या शर्यतीत अजून पोरांना धूळ चारते. तिची मागची दोन चाकं डिफरन्शियलच्या आत चकत्यांनी एकमेकांशी बांधलेली आहेत. जोर लावला की दोघं मिळून ढकलतात. वळणावर मात्र एकाला जास्त पळायचं असतं, दुसऱ्याला कमी. मग चकत्या घासतात आणि भांडण गल्लीभर ऐकू येतं.

यारेलिसचं, त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न ठरलं तसं त्यानं जाहीर केलं की नवरीला चर्चला कोरोलातून तोच नेणार. इस्पितळातून तान्हेपणी तिला आणली होती तीही याच गाडीतून.

यारेलिस म्हणाली, “पपा, वास मी सहन करीन. पण एका जरी वळणावर ही कण्हली, तर मी उतरून ओबेदमामाच्या जीपमध्ये बसणार.”

ओबेदनं त्याच दिवशी जीप धुवून आणली.

उपाय होता. चकत्या बुळबुळीत करणारं औषध छोट्या बाटलीत मिळतं, ते तेलात घालायचं. शर्यतवाले दोस्त म्हणाले, घातलंस तर चकत्यांची पकड जाईल, यंदाची शर्यत विसर. तो बिचारा शाळेच्या चमच्यानं मोजून एकेक चमचा घालायचा, मुरावं म्हणून पटांगणात आठ काढायचा, कान देऊन ऐकायचा. त्या आठवड्यात मुलांनी राजम्याला नावं ठेवली ती उगाच नव्हे, असं माझं मत आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी आवाज उरला होता तो मांजर घोरावं इतका. मी कुंपणावरून म्हटलं, अरे, नवरीच्या कानावर एवढे केस, एवढी फुलं, तिला काय ऐकू येणार! त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि उरलेली बाटली अख्खी उपडी केली.

दुसऱ्या दिवशी कोरोला लोण्यावरून सुरी फिरावी तशी वळत होती. मागून ओबेद, रिकामी जीप घेऊन, तोंड पाडून. शेवटी चर्चचा उभा चढ आला. सकाळी सर पडून गेलेली, सिमेंटवर शेवाळ. डावं चाक गरगर फिरायला लागलं आणि उजवं लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखं स्वस्थ बसून राहिलं. गाडी जागच्या जागी. नवऱ्याकडची मंडळी कोट काढून ढकलायला लागली. पाद्री दारात उभे राहून घड्याळ बघत होते. यारेलिस आत बसून इतकी हसली की काजळ गालावर आलं. उतरली मात्र नाही.

ओबेद जीपमधून उतरला आणि आरामात कोरोलाच्या टपावर हात टेकून उभा राहिला.

“काय दाजी, शर्यतीची गाडी ना ही? माणसांनी ढकलायची?”

एरिबेर्तोनं खिडकीतून मान बाहेर काढली.

“आवाज आला का?”