न्यूट्रलची तार मी काढली होती

बातमीत 'म्हणे' हा शब्द मी कधी येऊ दिला नाही. झपाटलेल्या विहिरी, रस्त्यात भेटलेल्या बाया... असल्या गोष्टी घेऊन येणाऱ्यांना चहा पाजून परत पाठवत असे. तरीही हे लिहितो आहे.

पन्नासच्या दशकाची अखेर. मी पुलगावात नागपूरच्या एका दैनिकाचा बातमीदार. धाकटा भाऊ वसंता वायरमन. दोन गल्ल्या सोडून त्याने घर बांधलं, वायरिंगही स्वतःच केलं. आई माझ्याकडे राहायची. कंदिलाच्या उजेडात तिला पोथी दिसेना. ती म्हणाली, "वसंताच्या इथं लाइट लागला का मी तिकडंच राहीन."

ते मला लागलं. तिची औषधं, पथ्यं मी सांभाळायची – आणि त्याने एक दिवा लावायचा!

त्याच्याकडे वीज आली त्या दिवशी दुपारी तो आईला आणायला माझ्या घरी गेला. त्याच्या घरात मी एकटा. मेन स्विच पाडून बोर्ड उघडला. लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची. काळी नसेल तर दिवा पेटत नाही, हे त्यानेच मला शिकवलं होतं. काळीचा स्क्रू सैल करून तार बाजूला वळवली, झाकण लावलं, मेन पुन्हा चालू केला. अर्थिंगची, म्हणजे जमिनीत जाणारी, तार अजून जोडलेली नव्हती; विजेला परतीची दुसरी वाटही नव्हती. मीठ-कोळशाचा खड्डा तयार होता, पण तारेचं वेटोळं अंगणातच पडलं होतं. पहिल्याच दिवशी दिवा लागला नाही, तर आई अपशकुन मानून परत येईल, हा माझा हिशेब.

दिवेलागणीला आईने बोर्डाला हळदकुंकू वाहिलं, बटण दाबलं.

दिवा लागला. स्वच्छ, जराही न थरथरता.

आई पोथी घेऊन आत बसली. कुंकू आत गेलं असेल म्हणून वसंताने झाकण उघडलं. काळ्या तारेचं टोक मोकळंच होतं. त्याने मेन पाडला, दिवा गेला. पुन्हा चालू केला – पुन्हा लागला. त्याने अंगणातल्या वेटोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्या हा स्क्रू पक्का कसला होता, दादा."

त्याने मेन पाडून तार जोडायला घेतली.

"लाइट काऊन गेला रे?" आतून आई.

"काही नाई, आई. दादा पाहून राह्यला, कसा चालते ते."

आई शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहिली. पुढे मी दोन इंजिनिअरांना विचारलं. दोघेही म्हणाले, तुम्ही चुकीची तार काढली असेल. पण त्या दुपारी मी तीनदा तपासलं होतं. इतकं काळजीपूर्वक काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल.

वसंताने तो विषय पुन्हा काढला नाही. दिवा कसा लागला, हे मला आजही सांगता येत नाही.