फाटकवाल्याची पहिली भेट

कचेरीत तिला सगळे आत्या म्हणत. ती कुणाचीच आत्या नव्हती. आईवडिलांना ती एकुलती एक, तेव्हा ते नाते खऱ्या अर्थाने तिच्या वाट्याला येणारही नव्हते. पण अकरा माणसांच्या त्या कचेरीत पन्नाशीला टेकलेली ती एकटीच होती. एखाद्याने जुन्या काळातल्या पात्राच्या तोंडी आजचा शब्द घातला की ती चष्म्यावरून जे पाही, ते पाहणे आत्याचेच होते. नाव पडले आणि चिकटले. तिनेही ते झटकले नाही. दिवसभरात कुणीतरी नात्याने हाक मारते, एवढे त्यात होते.

कचेरी व्हिडिओ गेम बनवणारी होती. ज्यात खेळणारा स्वतःच एक पात्र होऊन कथेत शिरतो, बोलतो, निर्णय घेतो, अशा लांबलचक खेळांची. त्या खेळांतली माणसे जे बोलतात, ते आत्या लिही. आधी ती महाविद्यालयात तासिकेवर साहित्य शिकवत असे. मग यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करू लागली आणि तिथून कुणाच्या तरी ओळखीने इथे आली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती राहत असे. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, पण दुसरीवर इस्त्रीचे कपडे ठेवलेले असत, आणि ते उचलण्याचे कारण महिनोन्‌महिने पडत नसे.

तिने आजवर लिहिलेल्या पात्रांत तिचा जीव एकाच पात्रावर होता. ते ज्या खेळात होते, तो एका निरोप्याचा होता. खेळणाऱ्याने बंद पेटी घेऊन देश ओलांडायचा, सोळा अध्यायांत. पाचव्या अध्यायात दोन डोंगरांमधली खिंड येई आणि खिंडीत एक फाटक. फाटक खाली असे. खेळणारा कितीही घाईत असो, साडेतीन मिनिटे ते उघडत नसे, आणि तेवढ्या वेळात फाटकवाला म्हातारा बोलत असे. पुढे अकराव्या अध्यायात त्याच वाटेने परतताना म्हातारा पुन्हा भेटे आणि म्हणे, "आलात का? उशीर झाला. वाट बघत होतो."

म्हातारा तिने कुठून आणला, हे तिने कचेरीत कुणाला सांगितले नव्हते. तिचे थोरले काका रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होते. गावातून बाहेर जाणारा रस्ता तो एकच, त्यामुळे गावातला प्रत्येक माणूस काकांपुढे कधी ना कधी थांबलेला. तिच्या वडिलांच्या लग्नाचे वऱ्हाड निघाले तेव्हा काका कामावर होते आणि मालगाडी यायची होती. सख्ख्या भावाचे वऱ्हाड अकरा मिनिटे फाटकाशी उभे राहिले. नवरदेव गाडीतून डोळे वटारून पाहत होता. काका हिरवा बावटा घेऊन ताठ उभे, आणि वऱ्हाडाकडे त्यांनी एकदाही मान वळवली नाही. वडिलांनी ही गोष्ट मरेपर्यंत उगाळली. काका मात्र ती एकदाच, तिला एकटीला सांगत म्हणाले होते की त्यांनी मान वळवली नाही, कारण वळवली असती तर फाटक उघडले असते.

पाचव्या अध्यायातला म्हातारा हीच गोष्ट सांगे. ती लिहायला तिला आठ महिने लागले होते.

मग कॅप्टनने खेळ मोकळा करायचे ठरवले. कॅप्टन म्हणजे कचेरीचा प्रमुख. तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, स्वभावाने मवाळ. वाईट बातमी सांगायची असली की स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसणारा. त्यांच्या आधीच्या खेळाला लोकांनी नावे ठेवली होती. कथा चांगली आहे, पण हा खेळ नव्हे, बोगदा आहे; एका तोंडाने आत जा, दुसऱ्याने बाहेर या. म्हणून आता अध्यायांची रांग मोडायची, सगळा देश पहिल्या दिवसापासून उघडा ठेवायचा, ज्याला जिकडे जायचे त्याने तिकडे जावे. आणि त्या जगाचा एक नियम राहील : कुठलेही दार, कुठलाही पूल, कुठलेही फाटक वाट अडवणार नाही.

"लोकांना कुणी बोट धरून नेलेलं आवडत नाही, आत्या," कॅप्टन म्हणाला.

"मी बोट धरत नाही. मी फक्त थांबवते."

"तेही नाही आवडत."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, हे तिला कळत होते. ती स्वतःही महाविद्यालयातल्या नेमलेल्या पुस्तकांना कंटाळून ग्रंथालयाच्या मागच्या कपाटांत भटकलेली होती, आणि पुढे आयुष्यभर जे पुरले ते तिथेच सापडले होते. फक्त त्या कपाटांमागे कुणी म्हातारा बोलायला बसलेला नव्हता.

खेळ मोकळा झाल्यावर बाहेरच्या साठ माणसांना तो दोन आठवडे चाचणीसाठी दिला. प्रत्येकाने कुठून कसा प्रवास केला, त्याच्या रेघा नकाशावर उमटल्या. पडद्यावर तो नकाशा पाहताना आत्याला घोंगडीचे विसकटलेले धागे आठवले. समुद्रकिनाऱ्यावर रेघांचा गुंता होता, जत्रेच्या मैदानावर गुंता होता. खिंडीत मात्र चार रेघा होत्या. बाकीचे छप्पन्न जण घोड्यावरून डोंगराच्या अंगानेच उड्या मारत पलीकडे गेले होते. त्या चौघांतलेही तिघे उघड्या फाटकातून न थांबता निघून गेले. म्हातारा वऱ्हाडाची गोष्ट सुरू करी, आणि "सख्खा भाऊ माझा" इथवर येईतो घोडा दिसेनासा झालेला असे. उरलेल्या वाक्यांचे तो काय करी, हेही तिने पाहिले. तो ती रिकाम्या रस्त्याला सांगून पुरी करी.

डोंगराला कडे करा, काट्यांची रानं घाला, असे तिने नकाशे बनवणाऱ्यांना सुचवून पाहिले. ते हसले. कॅप्टन खुर्ची ओढून शेजारी बसला तेव्हाच तिने ओळखले. म्हाताऱ्याचे बोलणे अजून नुसते अक्षरांत उमटत होते; आवाज ध्वनिमुद्रित व्हायचा होता, त्याच्या हालचाली बसवायच्या होत्या. चार माणसांसाठी एवढे कष्ट घेणे कॅप्टनच्या जिवावर येत होते. पुढच्या शुक्रवारपर्यंत काही सुचले तर पाहू, नाहीतर खिंडीत नुसते मोडके फाटक ठेवू, असे तो म्हणाला. हे त्याने इतक्या हळुवारपणे सांगितले की तिलाच त्याचे सांत्वन करावेसे वाटले.

रविवारी तिने नेहमीप्रमाणे काकांना फोन केला. काका नव्वदीकडे झुकलेले, तिच्या बिनलग्नाच्या चुलत भावाकडे राहत, आणि कानाने अधू असल्यामुळे फोनवर पलीकडचा माणूस बहिरा असल्यासारखे ओरडून बोलत. गावाबाहेर उड्डाणपूल झाल्यावरही सहा वर्षे त्यांची नेमणूक त्याच फाटकावर होती. त्या सहा वर्षांत काय करायचात, असे तिने आज प्रथमच विचारले.

"करायचंय काय? गाडी आली की फाटक लावायचं. गेली की उघडायचं."

"पण कुणी थांबायला नसायचंच ना?"

"नसायचं. वरून जायचे सगळे. पुलावरून हात करायचे काही जण, पण खालून तोंडं दिसायची नाहीत. कोण ते कळायचं नाही. मी आपला सगळ्यांनाच हात करायचो."

मग त्यांनी ती कधी येणार, असे विचारले. ती बघते म्हणाली. काका म्हणाले, बघ बघ, बघायला पैसे पडत नाहीत, आणि फोन ठेवून दिला.

मंगळवारी तपासनीस तिच्या टेबलाशी आला. खेळातल्या चुका हुडकून त्यांची नोंद करणे हे त्याचे काम. चाळिशीचा, अबोल माणूस. जेवणाच्या सुट्टीत तो आणि आत्या एकाच टेबलावर, पण एकमेकांत एक खुर्ची सोडून बसत. त्याने नोंदीचा कागद पुढे ठेवला. फाटकवाला अनोळखी खेळाडूला ओळख दाखवतो. अपेक्षित, पहिली भेट. प्रत्यक्षात, दुसरी भेट. दोषाचे स्वरूप, मध्यम.

कागद तिने दोनदा वाचला. चूक तिचीच होती. दुसऱ्या भेटीचे बोलणे कधी सुरू करायचे, या नोंदीसमोर तिने 'आधी भेट झालेली असल्यास' असे न लिहिता 'अकरावा अध्याय आल्यावर' असे लिहिले होते. रस्ता सरळ होता तोवर दोन्हींचा अर्थ एकच होता. अकराव्यात पोचलेला माणूस पाचव्यात भेटून आलेलाच असे. आता अध्याय नावालाच उरले होते, उलट्या बाजूने येणाऱ्याला खेळ अकराव्यातच धरी, आणि सगळा देश भटकून उलट्या बाजूने प्रथमच खिंडीत आलेल्या माणसाला म्हातारा विचारत होता, "आलात का? उशीर झाला." तिच्या हे ध्यानात आले नव्हते, कारण तपासताना ती नेहमी दक्षिणेकडूनच जाई. जसे तिने लिहिले होते तसे.

"दुरुस्त करते आज," ती म्हणाली.

"करा. पण आधी हे बघा."

चौघांतल्या त्या चौथ्या माणसाचा खेळ त्याने पडद्यावर लावला. घोडा भरधाव फाटकातून निघाला होता. म्हातारा फाटकाशेजारच्या आपल्या खोलीच्या ओसरीवरून म्हणाला, आलात का, उशीर झाला, वाट बघत होतो. घोडा थांबला. खेळणारा खाली उतरला, मागे वळला आणि म्हाताऱ्यासमोर उभा राहिला. सहा मिनिटे तो नुसता उभा होता. मग त्याने खोलीभोवती फेरी मारली, आत डोकावला, बाकावर बसला. त्यानंतरच्या दिवसांत तो तीनदा परत आला होता. तिथे मिळवण्यासारखे काही नव्हते. दर वेळी म्हातारा तीच तीन वाक्ये बोले. तिसऱ्या वेळी त्याने नदीतून पकडलेला मासा म्हाताऱ्याच्या बाकावर ठेवला. खेळात तसे काही करता येते, हेही आत्याला माहीत नव्हते.

"दोष आहे, म्हणून नोंद केली," तपासनीस म्हणाला. "दुरुस्त करू नका, असं मला लिहिता येत नाही. तसा रकाना नाही."

बऱ्याच दिवसांत त्याने एका दमात बोललेले हे सर्वांत लांब बोलणे होते. मग कागद तिथेच ठेवून तो आपल्या जागेवर गेला.

कॅप्टनला तिने तो खेळ दाखवला तेव्हा तो खुर्ची न ओढता उभ्यानेच पाहत राहिला. म्हातारा राहील, असे त्याने तिथल्या तिथे सांगून टाकले. कोणीही, कुठूनही, केव्हाही येऊ दे; म्हाताऱ्याने त्याला ओळखायचे. वऱ्हाडाची गोष्टही ठेवा की, तो उदारपणे म्हणाला, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सांगू दे.

तिने दोन दिवस ते करून पाहिले. गोष्ट दुसऱ्या भेटीत घातली, तिसऱ्या भेटीत घातली, तोडून चार ठिकाणी वाटली. कुठेच बसेना. अकरा मिनिटे बंद राहिलेल्या फाटकाची ती गोष्ट होती, आणि ऐकणाऱ्यासमोरचे फाटक सताड उघडे होते. साडेतीन मिनिटे अडकून पडल्यावर जो वैताग येतो, तो अंगात असल्याशिवाय त्या नवरदेवाचे वटारलेले डोळे दिसत नव्हते, आणि ते दिसल्याशिवाय न वळलेली मान कळत नव्हती. शिवाय वाट बघत होतो म्हणणारा माणूस आपण कोण हे कशाला सांगेल? म्हातारा ओळखीचा ठेवायचा तर त्याची ओळख काढून टाकणे भाग होते.

शुक्रवारी दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, तिने पहिली भेट पुसली. एकोणसाठ वाक्ये होती. घरी न्यायला प्रत काढून ठेवावी असे क्षणभर वाटले, पण ठेवून दाखवायची कुणाला, हा प्रश्न आला, आणि तिने तो तसाच सोडून दिला. मग म्हाताऱ्याच्या तीन वाक्यांची तिने बावीस केली. त्यांत कुठेही काही घडलेले नव्हते. तब्येत कशी आहे, मागच्या वेळेपेक्षा वाळलात, बसा थोडं, घाई असेल तर नका बसू.

खेळ बाहेर पडला आणि लोकांना आवडला. म्हाताऱ्यापर्यंत पोचणारे थोडेच होते, पण जे पोचले ते खेळाडूंच्या चर्चापानावर त्याच्याविषयी लिहू लागले. तो मला ओळखतो, पण मी त्याला कधी भेटलो? काहींचे म्हणणे, खेळाच्या सुरुवातीला, बंदरातल्या गर्दीत तो दिसतो. काही म्हणत, दक्षिणेकडच्या वाड्यांत कुठेतरी पहिली भेट दडवलेली आहे आणि अजून ती कुणाला सापडलेली नाही. एकाने नकाशाचे चौकोन पाडून वाटून दिले. एक बाई नऊ दिवस डोंगर धुंडाळत होती आणि रोज कुठवर पाहून झाले ते लिहीत होती.

तपासनिसाने ते पान आत्याला दाखवले. "सांगायचं का यांना, की काही नाहीये म्हणून?"

तिने चष्मा काढून पुसला. काही नाही, असे लिहिणे खरे झाले नसते, आणि होते असे लिहावे तर ते कुठे होते ते सांगावे लागले असते.

"राहू दे," ती म्हणाली.

तो गेल्यावर ती पुन्हा ते पान उघडून बसली. नऊ दिवस शोधणाऱ्या बाईने दहाव्या दिवसाचे लिहिले होते : आज पश्चिमेकडची उतरण पाहिली. तिथे नाही. उद्या ओढ्याच्या कडेने जाईन.