खाली कुणाला कळवायचं?

२७ डिसेंबर, शनिवार, सकाळी पावणेसात. दक्षिण आफ्रिकेतला ड्रॅकेन्सबर्ग, सेंटिनेल शिखराच्या पायथ्याचा गाडीतळ. हजर: आई (वय एकाहत्तर, साताऱ्याहून), ताई आणि भाऊजी (जोहान्सबर्गहून, गाडी त्यांची), मी, माझा नवरा आणि आमची पंधरा वर्षांची मुलगी (मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीहून). गैरहजर: कुणी नाही. एवढ्यांना एका डोंगराखाली आणायला मला आठ महिने आणि तीन याद्या लागल्या.

तिसरी यादी मी कुणाला दाखवली नव्हती. तिच्यात एकच काम होतं: आईला कायमचं श्रूजबरीला यायला तयार करणं. बाबा गेल्यापासून ती एकटी राहते. मागच्या वर्षी माळ्यावरचा डबा काढायला ती स्टुलावर चढली आणि पडली. हाड मोडलं नाही, पण आम्हाला ते चौथ्या दिवशी कळलं. तिच्या ग्रीन कार्डाचे कागद मी तयार ठेवले होते, तेवढं फक्त ताईला बोलले होते. फक्त तिचं हो बाकी होतं.

वर जाणाऱ्याने गाडीतळावरच्या ऑफिसातल्या वहीत नाव लिहायचं असतं. शिवाय परतायची वेळ, आणि काही झालं तर कळवायचं त्याचा फोन. मी पटापट लिहिलं. कळवायचं: ताई. ताईने मला लिहिलं. नवऱ्याने मला, भाऊजींनी ताईला. मुलीच्या नावापुढे मीच माझा नंबर घातला. आईने मात्र साताऱ्याच्या शेजारणीचा नंबर एकेक आकडा पुटपुटत लिहिला.

"अगं, आम्ही दोघी असताना शेजारीण कशाला?" मी म्हटलं. खरं तर मला ते लागलं होतं.

"तुम्ही दोघी माझ्याबरोबर वर येताय ना?"

"हो."

"मग खाली कुणाला कळवतील?"

भाऊजींनी वही ओढून वरपासून वाचली. "झकास. दरड कोसळली तर सहाही जण एकमेकांना फोन करत बसू."

"यादीवाल्या बाईंकडून ही अपेक्षा नव्हती," ताई म्हणाली.

ताईने खोडून जोहान्सबर्गच्या मैत्रिणीचा नंबर लिहिला, भाऊजींनी त्या मैत्रिणीच्याच नवऱ्याचा. मी पेन धरून उभी राहिले. श्रूजबरीत अकरा वर्षं झाली. गणपतीला ज्यांच्याकडे जेवतो अशी वीस घरं आहेत. पण अडीअडचणीला बेधडक उठवावं असं एक नाव सुचेना. शेवटी आमच्या तिघांपुढेही मी साताऱ्याच्या शेजारणीचाच नंबर लिहिला.

नागमोडी वाटेने तीन तास चढलो. मुलगी पुढून मागे येऊन म्हणायची, "आजी, टेक माय हँड." आई म्हणायची, "तुझा तुझ्याजवळ ठेव. मला माझे दोन्ही पुरतात." मग कडा आला. त्याला वरून सोडलेली साखळ्यांची लोखंडी शिडी होती. माझ्या कागदावर आईपुढे लिहिलं होतं: शिडीखाली थांबेल.

आईने काठी माझ्या हातात दिली आणि शिडी धरली. मी पायऱ्या मोजत होते. अकराव्या पायरीवर ती थांबली, वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि तशीच एकेक पाय टाकत उतरली.

"पुरे."

"आजी, घाबरलीस?"

"नाही गं. चढेन मी. उतरताना गुडघा ऐकणार नाही."

"स्टुलावर चढताना नाही सुचलं हे," मी म्हटलं.

"नाही सुचलं, म्हणून पडले. ते स्टूल शेजारणीला देऊन टाकलं. माळ्यावरचं आता ती काढून देते, मी तिच्या नातीला गणित शिकवते."

हे तिने सांगितलं नव्हतं. फोनवर मी औषधं घेतलीस का, दार लावलंस का, एवढंच विचारायची.

बाकीचे वर गेले. मी खाली थांबले. हे यादीत नव्हतं. आईने गूळपोळीचा डबा उघडला. मी सुरुवात केली, "आई, तुझे कागद..."

"ताईने सांगितलंय मला."

"मग?"

"तिकडे आले तर वहीत मी कुणाला लिहायचं? तुला. तू कुणाला? मला. दोघी एकाच डोंगरावर." तिने अर्धी पोळी माझ्या हातात ठेवली. "जूनमध्ये दोन महिने येईन. बर्फात नको. आणि तोवर तू तिथलं एक नाव शोधून ठेव."

"समोरच्या घरात एक बाई राहतात. एकट्याच. हात करतात."

"हात करतात म्हणजे काय? बोलाव की जेवायला."

दुपारी ढग उतरायच्या आत वरचे परत आले. मुलगी पार धुळीने माखली होती आणि आजीला एकेक फोटो दाखवत होती. वहीत लिहिलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी आम्ही खाली पोचलो.

आता फेब्रुवारी आहे. ते कागद मी खालच्या खणात ठेवलेत आणि आईचं जूनचं तिकीट काढलंय. साताऱ्याच्या शेजारणीला दर रविवारी फोन करते. ती आईच्या तक्रारी सांगते, आई तिच्या. परवा समोरच्या बाईंच्या पायऱ्यांवरचं बर्फ काढलं. त्यांनी दार उघडलं, पायऱ्यांवर पुन्हा बर्फ धरू नये म्हणून टाकायच्या मिठाची पिशवी दिली, आम्ही पाच मिनिटं हवामानावर बोललो आणि मी तशीच परत आले. ओट्यावर बेसनाच्या लाडवांचा डबा भरून ठेवलाय. फ्रिजवरच्या यादीत सगळ्यावर काट मारून झाली आहे, एक सोडून: समोरच्या बाईंना जेवायला बोलावणे, नंबर घेणे.