बेकरीसमोरचा बोळ

आज चौकात मोबाइलच्या दुकानावर नवी पाटी चढवत होते. मी थांबले आणि पाठ होईपर्यंत ती वाचली. त्याला कारण आहे.

गेल्या महिन्यात भरदुपारी यांच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स बोलावली. थोड्याच वेळात ड्रायव्हरचा फोन आला, "ताई, चौकात उभा आहे. कुठे वळू?"

"नानांच्या अमृततुल्यवरून डावीकडे."

"इथे चहाचं दुकानच नाही."

"मग बेकरी दिसेल, तिच्यासमोरचा बोळ."

"बेकरीपण नाही, ताई. आत्ता जे आहे ते सांगा ना!"

आत्ता काय आहे, तेच मला सांगता येईना. रोज त्याच चौकातून मी भाजी आणते. नानांनी दुकान बंद करून बारा वर्षं झाली, बेकरी तर त्याआधीच गेली. पण गावात आम्ही सगळे अजून त्यांच्यावरूनच वळतो आणि कुणी चुकत नाही. परका माणूस तेवढा चुकतो. इकडे यांचा सदरा घामाने भिजला होता. शेजारच्या वहिनींना यांच्यापाशी बसवलं, पदर खोचला आणि चौकापर्यंत धावले. गाडीत बसून ती दारात आणली.

हे वाचले. आज चहा घेताना मी त्यांना नव्या पाटीवरचं नाव दोनदा ऐकवलं.

"यापुढे हीच खूण सांगायची. लक्षात ठेवा."

"ठेवतो. पण हे दुकान नक्की कुठे आलं?"

"अहो, बेकरीच्या जागी," मी म्हणाले.