सोमवारी दाखवलेली राजधानी

घर पाहायला आलेल्या मुलीकडच्यांनी नेमकं काय पाहायचं, हे रायपूरच्या आमच्या तात्यापाऱ्यात, म्हणजे जुन्या मराठी वस्तीत, ठरलेलं आहे. खोल्या किती, नळाला धार केवढी आणि सासूचा आवाज केवढा. मुलगी बहुधा येतच नाही, आलीच तर मान खाली घालून पोहे खाते. माझ्या धाकट्या भावासाठी अमरावतीकडून आलेल्या मुलीनं पोहे खाल्ले, परत मागून खाल्ले, बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "घर छान आहे. आता शहर दाखवा. बसनं."

आईचा हात पदर सावरायला गेला होता, तो तिथंच राहिला. पाहणीच्या दिवशी मुलगी सिटी बसनं गाव फिरणार, हे भोसल्यांच्या काळापासून आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. (आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इथं आले. घोडे थकले म्हणून थांबले असं मी सांगतो. घोड्यांना विचारलं असतं तर त्यांनी वेगळं सांगितलं असतं.)

मुलीचं म्हणणं सरळ होतं. ती बँकेत होती. लग्न झालं तर बदली मिळणार होती ती नव्या रायपूरच्या शाखेत, म्हणजे जुन्या शहराबाहेर सरकार जी नवी राजधानी बांधून राहिलं होतं तिथं. तात्यापाऱ्यातून रोज जाणं-येणं. गाडी ती चालवत नव्हती. तेव्हा बस कशी आहे ते एकदा स्वतः बसून पाहायचं होतं. तिचे वडील म्हणाले, "पोरीचं बराबर आहे. त्याच फेरीत पाहायजोगं जे असंन ते दाखवून टाका."

आता हे प्रकरण माझ्या अंगावर येणार हे मला कळलं. कारण दर पाच मिनिटाला थंडगार एसी बस आहे, असं फोनवर मीच सांगितलं होतं. काय करणार? धाकटा उरल्याला, शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर. पगार बरा, नाक सरळ, व्यसन फक्त क्रिकेटचं. पण छत्तीसगड म्हटलं की विदर्भातल्या आयांना दारात वाघ बसलेला दिसायचा. येईल ते स्थळ परत जायचं. धाकटा काही बोलायचा नाही, नुसता त्या दिवशी जेवायचा कमी. आणि या वेळी तर पोहे देताना त्यानं मुलीकडे आणि मुलीनं त्याच्याकडे असं पाहिलं होतं, की हे स्थळ गेलं असतं तर पोट्ट्यानं जेवणच सोडलं असतं.

तेव्हा निघालो. मी, धाकटा, मुलगी आणि तिचे वडील, ज्यांना मी काकाजी म्हणत होतो. मुलीची आई आमच्या आईजवळ थांबली.

पहिला टप्पा बुढा तालाब. शेअर ऑटोत आम्ही चौघं चढलो तेव्हा आत आधीच अर्धं रायपूर बसलं होतं. काकाजींना जागा मिळाली ती एका भाजीवालीशेजारी. तिनं लालभाजीची टोपली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "थोकिन धर ले बबा." काकाजींना शब्द कळले नाहीत, टोपली कळली. उतरेपर्यंत ते त्या टोपलीला नातवासारखे धरून होते. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर भाजीचा लाल ओला डाग उमटला, आणि तो मला त्या सदऱ्याएवढाच दिसायला लागला.

मग मी जीभ सैल सोडली. तलावाच्या मधोमध बसलेल्या स्वामींचा प्रचंड पुतळा दाखवला. या तलावाला तळच नाही, असं सांगितलं. भोसल्यांचा एक हत्ती इथं बुडाला तो तीन वर्षांनी महानदीत निघाला, जिवंत, फक्त थोडा वाळलेला.

"तो तोच हत्ती, हे ओळखलं कोणी?" मुलीनं विचारलं.

हा हत्ती मी अनेक वर्षांपासून बुडवून राहिलोय. मंत्र्यांच्या पीएपुढं बुडवला, व्याह्यांपुढं बुडवला. असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी धाकट्याकडे पाहिलं, म्हटलं हा तरी सावरून घेईल. तो तलावाकडे पाहून हसत होता. आमच्या या पोट्ट्याला मराठी सगळी कळते, पण घशातून जिभेवर येईपर्यंत तिची हिंदी होते. सकाळपासून काकाजींनी त्याला मराठीत विचारावं आणि यानं "जी, काकाजी" म्हणावं, एवढंच चाललं होतं. काकाजींचं तोंड उतरलं होतं. आपला जावई परप्रांतीय निघाला, हा धक्का त्यांनी अजून पचवला नव्हता.

दुसरा टप्पा तेलीबांधा. हाही तलावच. काठाला फरसबंदी केली, दिवे लावले, आणि आम्ही त्याला मरीन ड्राइव्ह म्हणू लागलो. मुंबईचे लोक मुद्दाम पाहायला येतात, असं मी सांगितलं. मुलगी पाण्याकडे नाही, बसथांब्याकडे पाहत होती. बस किती वेळानं, तिनं विचारलं. पाच मिनिटं, मी म्हटलं. आम्ही गुपचुप खाल्ले, म्हणजे इकडची पाणीपुरी. मग भेळ खाल्ली. मग काकाजींनी उसाचा रस घेतला, मग त्या रसाचा परिणाम म्हणून ते जागा शोधायला गेले आणि शोधून परतही आले. तेव्हा कुठं बस आली.

पण बस आली ती खरंच एसी. आत थंड, रिकामी, खिडक्या एवढ्या मोठ्या की दुकानच वाटावं. काकाजी खिडकीशी बसले आणि त्यांच्या सदऱ्यावरचा डाग मला लहान दिसायला लागला. मी कंडक्टरकडे असं पाहिलं, जणू ही बस मीच घरून आणली आहे.

मग शहर संपलं आणि राजधानी सुरू झाली.

इथं एक गोष्ट सांगणं भाग आहे. मी जन्मलो रायपुरात, वाढलो रायपुरात, पण नव्या राजधानीत पाऊल टाकलं नव्हतं. वर्णन मात्र गावोगाव केलं होतं. सदर बाजारात ज्या माणसाला दुचाकीच्या आरशाला कोपर लावल्याशिवाय चालता येत नाही, त्यानं तो रस्ता पाहावा. एवढा रुंद की पलीकडच्या बाजूला वेगळं हवामान असावं. मधोमध फुलझाडं, दोन्हीकडे दिवे, आणि माणूस नाही. गाय नाही. पानठेला नाही. एका चौकात सिग्नल लाल झाला आणि बस थांबली. आडव्या रस्त्यानं जायला कोणीच नव्हतं. त्या नसलेल्या गाड्यांना जाऊ देण्यासाठी आम्ही बराच वेळ थांबलो, मग हिरवा झाला आणि निघालो. काकाजींनी हळूच विचारलं, "पाव्हणे, लोकं कुठं गेले इथले?"

मी म्हटलं, ऑफिसात आहेत. आणि मीही खिडकीतून माणूस शोधू लागलो.

आदिवासी घरं, रंगीत भिंती आणि मातीचे पुतळे मांडलेल्या मुक्तांगणापाशी उतरलो. बस निघून गेली. फाटक बंद होतं. आत चौकीदार डबा खात होता.

"आज तो सोमवार हे भैया, बंद हे."

"अउ जंगल सफारी?" मी पलीकडच्या वाघांचं विचारलं.

"वहू बंद."

म्हणजे वाघालासुद्धा सोमवारची सुट्टी. पंचांग पाहून आईनं सोमवार काढला होता. सगळे ग्रह अनुकूल होते, फक्त फाटक नव्हतं. परतीची बस केव्हा, विचारलं. तो म्हणाला, संझा आही. म्हणजे संध्याकाळी. ऊन डोक्यावर होतं.

आम्ही थांब्यावर बसलो. थांबा सुंदर होता, त्यात माझ्या वाड्यातले सगळे भाडेकरू मावले असते. काकाजींनी चष्मा काढून पुसला आणि खिशात ठेवला. पाहण्यासारखं काही उरलं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं असावं. धाकट्याचं लग्न त्या रिकाम्या रस्त्यावरून दूर जाताना मला स्पष्ट दिसू लागलं.

तेवढ्यात मुलगी माझ्याकडे वळली. "दादा, खरं सांगा. बँकेतून संध्याकाळी सुटले, तर तात्यापाऱ्यात कितीला पोचेन?"

अर्धा तास, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. माझ्या शेजारून कोणीतरी मराठीत बोललं.

"नाही पोचणार. दादा फेकून राहिले."

मी वळून पाहिलं, आणखी कोणी आलं की काय. धाकटा बोलत होता. मी त्याचा पाय दाबला. त्यानं पाय काढून घेतला.

"बस आहे, चांगली आहे. पण चुकली की बसून राहा, असं. रोज आमच्या घरून नाही होणार हे काम तुमचं. थकून जासान." थोडं थांबला, शब्द शोधले. "मी इथं क्वार्टर पाहून ठेवलं आहे. किरायानं. तिथून बँकेत पायी जाता येते. उरल्याले मी जाईन, मले गाडीची सवय आहे."

ऐकून माझ्या कानात रोलिंग मिल सुरू झाली. क्वार्टर पाहून ठेवलं? केव्हा? आमच्या घरातून आजवर बाहेर गेल्या त्या फक्त मुली आणि जुने पलंग. मुलगा कधी गेला नव्हता. आणि हा, माझ्यासमोर, अमरावतीच्या लोकांदेखत, घर सोडतो म्हणून सांगत होता. तेही मराठीत.

मुलगी लाजली-बिजली नाही. "पाणी येतं का तिथं?"

"हव. चोवीस घंटे."

"अन् भाजी?"

"भाजी नाही मिळत. शहरातून मी आणत जाईन."

तिनं रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. नवं भांडं वाजवून पाहतात ना, तसं. "मग माझं हो आहे," ती म्हणाली. "पण आईंना तुम्ही स्वतः सांगा. दादांनी सांगितलं तर त्यांना वाटेल, आपण लंकेला चाललो."

काकाजी हसले. सकाळपासून पहिल्यांदा, आणि असे हसले की खिशातला चष्मा बाहेर पडला. त्यांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, अरे, बोलता येते की तुले.

पुढं आईला त्यानंच सांगितलं. आई जे बोलली ते सदर बाजारापर्यंत ऐकू गेलं असेल. मग चार दिवसांनी तिनंच कुकर, कढई आणि पोळपाट बाजूला काढून ठेवला. पण ते नंतरचं.

संध्याकाळी बस आली. ती दोघं पुढच्या सीटवर बसली. तो हिंदीत बोलत होता, ती मराठीत, आणि दोघांचं कुठंच अडत नव्हतं. मी मागं काकाजींजवळ बसलो. रस्त्यातले सगळे दिवे एकदम लागले, कोणासाठी ते देवाला ठाऊक. मी तोंड खिडकीकडे वळवलं. काकाजी माझ्याकडे वाकून पाहायला लागले.

"काहून हो पाव्हणे, पोरगी आमची जाऊन राहिली अन् डोये तुमचे भरले?"

धूळ गेली, मी म्हटलं. एसी बस होती. खिडकी उघडतच नव्हती.