एकाच कुंडीतली दोन रोपं

माझ्या वहिनीला हार मानता येत नाही. कॅरममध्ये हरली तरी दोष सोंगटीचा असतो. त्यामुळे तिने स्वतःच्याच यशावर स्वतःच्या हाताने पाणी फिरवलं, तेव्हा घरात कोणाचा विश्वास बसेना.

ती वनस्पतींच्या प्रयोगशाळेत संशोधक आहे, कंत्राटावर. झाडात काही जनुकं नुसती हुकूम सोडतात आणि बाकीची राबतात, असं तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे आपल्या घरासारखंच. दादा उगाच खोकला. ही हुकूम सोडणारी जनुकं मोठाल्या कुटुंबांत असतात, एकेका घरात शंभरेक भावंडं. पाणी आटलं की त्यांतली काही जागी होतात आणि पानांवरची बारीक छिद्रं मिटायला लावतात. एकाला गप्प करावं तर दुसरं भावंड त्याचं काम उचलतं, त्यामुळे कोण काय करतं तेच कळत नाही. वैतागून वहिनीने उलटं केलं. एकाच भावंडाला रात्रंदिवस बोलतं ठेवलं.

आणि जमलं. पाणी तोडल्यावर शेजारच्या कुंड्यांतली साधी रोपं माना टाकून पडली, वहिनीची ताठ उभी. तिचे प्रमुख, म्हणजे सर, हरखून गेले. हे नेमणुकीच्या समितीपुढे मांडलं की तिची नोकरी कायम होणार, हे जवळजवळ ठरलंच. आईने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं.

वहिनीला मात्र एक गोष्ट खुपत होती. तिची रोपं बुटकी होती. सतत हुकूम ऐकून त्यांची वाढच खुंटली होती. बुटकं रोप पाणीही कमी पितं, मग त्याच्या कुंडीत ओल टिकणारच. त्याने दुष्काळ सोसला, की दुष्काळ त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता? तिने साधं रोप आणि आपलं रोप एकाच कुंडीत लावायचं ठरवलं, म्हणजे माती एक, ओलही एक. सर म्हणाले, समिती होऊ दे, मग कर. मीही तेच म्हटलं, जरा जास्तच तोंड सोडून. तिने कोणाचं ऐकलं नाही.

दोन्ही रोपं एकाच दिवशी कोलमडली.

तीच कुंडी तिने समितीपुढे टेबलावर नेऊन ठेवली.

"हे रोप शूर नाही, फक्त कमी पितं," ती म्हणाली. "ह्या जनुकाला सतत बोलतं ठेवणं ही माझी चूक. तहान लागली की मगच ते बोलेल, अशी सोय मी करणार आहे."

नोकरी कायम झाली नाही. एक वर्ष वाढवून मिळालं, तेही सरांनी शब्द टाकला म्हणून. मी तिच्याशी अबोला धरला. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता, पण ते सांगायला जीभ रेटेना.

वर्ष सरत आलं तेव्हा तिने मला ग्रीनहाऊसमध्ये नेलं. एका कुंडीत दोन रोपं, पाणी कधीचं तोडलेलं. एक आडवं पडलेलं, पानं सुकून चुरचुरीत. दुसरं, तिचं, उभं. मी काही बोलायच्या आत तिने पट्टी काढून उभ्या रोपाला लावली, मग पडलेलं रोप हलकेच सरळ धरून त्यालाही. उंची सारखीच भरली.

मला रडू फुटलं. ती कुठली रडायला.

"जा, सरांना बोलाव," ती म्हणाली आणि पट्टी माझ्या हातात दिली. "ही त्यांना दे. आता मोजायचं त्यांनी."